खोगीर

पस्तीस वर्षं मी उभ्यानं काढली
एसटीच्या अरुंद वाटेत, खांद्याला चामडी पिशवी,
बोटांत पंचची टिकटिक.
बसणं शिकलो रिटायर झाल्यावर,
तेही जमिनीपासून बारा हात वर.

मचाण नको, डोमाजी नैताम म्हणाला.
मचाण म्हणजे खाट. खाटेवर झोप लागते,
अन् माणूस घोरला की डुकराले समजते.
त्यानं मोडक्या खाटेची नवार उसवली, दुहेरी शिवली,
दोन्ही टोकांतून बैलाचा कासरा ओवला,
बांधावरच्या साजाला वेढा देऊन मागे सरला, हसला:
"घ्या मास्तर, झाडाले खोगीर घातलं.
आता करा सवारी."

पहिल्या रात्री मी झाडाशी भांडलो.
नवार मांडीत रुतली. डावा पाय मेला.
मी हललो की फांदी हलली,
फांदी हलली की टिटवीनं
अख्ख्या बोडीला बातमी दिली.
बारा वाजता मी उतरलो, गुडघे वरच राहिले.
सकाळी पाहिलं तर दोन बांध्या
कुणी वखर फिरवावा तशा लोळवलेल्या,
आणि खिशात वनखात्याचा परवाना, पन्नीत, कोरा करकरीत.

"कावून जी, एवढे ताठ बसता?
झाड काय तिकीट मांगते तुमाले?"

मग त्यानं सांगितलं. सलग नाही,
विडीच्या दोन झुरक्यांच्या मधून, सांडत सांडत:
गाठ कपाळाच्या सरळीत असू द्या.
गुडघे खोडाले टेकवा, मधात युरियाचं पोतं, तणस भरून.
मागं रेला. भ्याल तर दुखन.
नवार खाली सरकवली की कंबर मोकळी,
वर घेतली की मांड्या.
रातभर तेच करत राहाचं,
पण ढग सरकते ना, तसं.
पाणी सांजेलेच सोडून या.
खर्रा आणू नका, पन्नी वाजते.
आणि दुखलंच कुठं, तर हाकलू नका.
पाहुणा हाय. बसन घडीभर अन् जाईन.

पंचफुला म्हणाली, घरी खुर्चीवर टिकत नाही हा माणूस.

सहाव्या रात्री की सातव्या,
चंद्र धानाच्या लोंबीएवढा,
मी नवार दोन बोटं खाली ओढली
आणि कमरेतलं ते जुनं दार,
जे प्रत्येक खड्ड्यात पस्तीस वर्षं कुरकुरलं,
लागलं. आवाज न करता.
पाय कुठे संपतो, साल कुठे सुरू होते,
विचारायला गेलो नाही.
एक मुंगळा मनगटावर चढला,
घड्याळ ओलांडून पलीकडे गेला,
थांबला नाही, वास घेतला नाही.
बंदूक मांडीवर होती.
तिचं वजनही मला माझंच वाटू लागलेलं.

तेव्हा ती आली.
आधी चपचप, मग चिखलाचा श्वास,
मग धानातून एक काळी पाठ
आणि मागे, शेपट्या वर करून,
मी मोजले. सवयच ती.
पूर्ण एक. अर्धे सात.

नेम धरायला डावीकडे वळायचं होतं,
गुडघ्यानं खोड लोटून. तेही शिकवलं होतं त्यानं.
माझा उजवा हात निघाला
आणि बंदुकीकडे न जाता वर गेला,
डोक्यावरच्या कासऱ्याकडे,
आणि दोनदा ओढला.
टण टण.
घंटी कुठे होती? पण फांदी थरारली,
टिटवी ओरडली,
आणि आठही जण चढले अंधारात,
गाडी सुटावी तसे.

"बार नाही आयकला," सकाळी डोमाजी.
"डबल दिली," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बांधीकडे,
वाकलेल्या तीन धुऱ्या धान हातानं उभा करून पाहिला,
राहिला नाही तो उभा.
मग साजावर चढला, गाठ चाचपली,
वरून म्हणाला, "लयच आराम झाला तुमाले,"
आणि कासरा दोन बोटं
पुन्हा आवळला.